चाळणीसाठी ठेवलेली जागा

मित्रांनो, त्या दिवशी सकाळी गच्चीवर ऊन होतं, दोरीवर चादरी वाळत होत्या आणि मला एका पालथ्या बादलीवर ठेवलं होतं. एवढंच. लक्षात ठेवावं असं त्यात काहीच नव्हतं. पुढे काय होणार आहे हे ठाऊक असतं, तर मी त्या सकाळकडे जास्त नीट कान दिला असता.

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. एखाद्या जाड पुस्तकाएवढा, काळा, खांद्याला अडकवायचा पट्टा असलेला. तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखं यंत्र पाहिलंही नसेल. माझ्या पोटात एक कॅसेट बसते आणि तिच्यात पातळ तपकिरी फीत असते. आवाज त्या फितीवर उमटतो आणि हवा तेव्हा पुन्हा ऐकता येतो. माझे मालक संगीतकार होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या गाण्यांना ते चाली लावत. त्यांची मुलगी त्यांना बाबा आणि त्यांच्या बायकोला आई म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणतो.

तर गच्चीवर बाबा आणि आई चादरींच्या घड्या करत होते. मोठ्या चादरीची घडी एकट्याने नीट होत नाही. दोघांनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटका द्यायचा, मग चालत जवळ यायचं आणि टोकाला टोक लावायचं. फट्, आणि दोन पावलं. फट्, आणि दोन पावलं. दर घडीला दोघांतलं अंतर कमी होतं. दोन-तीन चादरी झाल्या आणि बाबा एकदम थबकले.

"अहो, ताणा की! झोपलात का?" आई म्हणाली.

"धर, धर! पळतेय!"

"चादर?"

"चाल!"

दोन्ही हातांत टोकं होती. त्यांनी एक टोक दातांत धरलं, वाकले, माझी दोन बटणं दाबली, टोक पुन्हा हातात घेतलं आणि गायला लागले. शब्द नव्हतेच, नुसतं गुणगुणणं. पहिली ओळ लांबच लांब होती, पूर्ण उघडलेल्या चादरीसारखी. दुसरी तिच्या निम्मी. पुढची त्याहून लहान. शेवटची तर इतकी लहान, की छातीशी धरून जिना उतरता यावा. मधे चादरीचे फटके वाजत होते आणि आई म्हणत होती, "अहो, जमिनीला टेकतेय ती. धुतलीय मी सकाळी."

दुपारी मुलगी आली, आईची दुरुस्त झालेली छत्री द्यायला. ती त्याच शहरात वेगळी राहते आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासते, म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्यातल्या चुका शोधते. बाबा तिला चाळणी म्हणत. का, ते पुढे सांगतो.

"चाळणी, नवी चाल झालीय. ऐकून जा."

"बाबा, खाली रिक्षा थांबवलीय. छापखान्यात सगळे माझ्या पानांसाठी खोळंबलेत."

"बरं, मग उद्या."

"उद्या तुम्हाला केस कापायला जायचं आहे ना? आई म्हणाली."

"हो, ते आहेच. मग परवा?"

"परवा. अगदी निवांत येते."

"जागा ठेवलीय तुझ्यासाठी."

"ठेवा, ठेवा. चुका कुठे पळून जातायत!"

बाबा हसले. ती जिना उतरली. मी टेबलावर होतो, माझ्या पोटात ती कॅसेट होती. दरवाजा लागल्याचा आवाज झाला. तो आवाज मला आजही जसाच्या तसा आठवतो, आणि त्यातही काही विशेष नव्हतं.

*

मित्रांनो, आता थोडं माझ्याविषयी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांब टेबलावर माझ्यासारखे पुष्कळ जण ओळीने ठेवलेले होते. टेबलाशी बसलेली एक बाई प्रत्येकाची परीक्षा घ्यायची. माझी बटणं दाबून ती म्हणाली, "बोल रे बाबा, आज तरी लवकर घरी जाऊ दे." माझ्यावर उमटलेला तो पहिला आवाज. मी तो तिला परत ऐकवला. तिने हसून मला खोक्यात घातलं.

मग दुकान. गिऱ्हाईकं येत, गाणी लावून बघत, निघून जात. एक दिवस एक सडपातळ गृहस्थ आले आणि त्यांनी दुकानाच्या छताचा पंखा आमच्यापैकी प्रत्येकावर थोडा थोडा टेप केला. मग डोळे मिटून सगळे पंखे ऐकत बसले.

दुकानदार म्हणाला, "साहेब, लोक गाणं लावून बघतात. तुम्ही पंखा काय ऐकताय?"

"गाणं कुठेही चांगलंच वाजतं हो. पंखा चांगला वाजला पाहिजे."

पंख्याच्या आवाजामागे दुकानदाराची खुर्ची कुरकुरत होती. ती कुरकुर फक्त माझ्यात उतरली होती. बाबांनी मलाच उचललं.

तेव्हापासून मी त्यांच्या खांद्यावर. ते एका नाटकमंडळीचे संगीतकार होते आणि मंडळी गावोगाव फिरायची. इतर लोक प्रवासात देखावे बघतात. बाबा खिडकीला कान लावून बसत. एकदा बोटीवर चढायच्या फळीवरून माणसं उतरत होती. जड माणूस आला की फळी खालच्या सुरात बोलायची, लहान मूल आलं की वरच्या. बाबा फळीशेजारी उकिडवे बसले आणि मला पुढे धरलं. एक खलाशी म्हणाला, "काका, काही पडलं का?" बाबा म्हणाले, "नाही, सापडलं." एका हॉटेलातल्या लिफ्टचं दार बंदच होत नसे, आपटून पुन्हा उघडायचं. सगळे वैतागत होते. बाबा तीनदा वर-खाली जाऊन आले. एका धोबीखान्यात वाफेच्या इस्त्र्या सुस्कारे टाकत होत्या. त्या सुस्काऱ्यांवरून झालेलं विरहाचं गाणं ऐकून लोक रडायचे, आणि बाबा माझ्या कानात म्हणायचे, "सांगू का यांना, पँटी होत्या त्या?"

आता माझ्या दोन बटणांची गोष्ट. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

माझं काळं बटण दाबलं की कॅसेट ऐकू येते. लाल आणि काळं अशी दोन्ही एकदम दाबली, की मी आवाज टिपतो. नवा आवाज टिपताना फितीवरचा जुना आवाज पुसला जातो. दोन आवाज एका जागी मला ठेवता येत नाहीत.

बाबांना चाल कधी सुचेल त्याचा नेम नसे. दाढी करताना, जेवताना, बँकेच्या रांगेत. सुचली की ते ओरडत, "धरा! पळतेय!" मग घरात जो कोणी माझ्याजवळ असेल त्याने हातातलं टाकून दोन बटणं दाबायची, हा घरचा नियमच होता. आईने ओल्या हाताने दाबली आहेत. बाबांची धाकटी बहीण, जिला मुलगी आत्या म्हणते, तिने केस विंचरता विंचरता फणीने दाबली आहेत. एकदा पत्र द्यायला आलेल्या पोस्टमननेही दाबली. बिचारा गाणं संपेपर्यंत उंबऱ्यात श्वास रोखून उभा होता. चाळणीचं तर विचारूच नका. बुटाची नाडी बांधता येण्याआधी तिला माझी बटणं येत होती. मला हात लावायचा म्हणजे दोन बोटं एकदम, हे त्या घराच्या बोटांत मुरलं होतं. काळं बटण एकटं दाबायचं काम बाबांचं. ऐकवायचे ते स्वतः, कारण ऐकणाऱ्याचा चेहरा त्यांना बघायचा असे.

मुलगी सहा वर्षांची असताना त्यांनी तिला पहिल्यांदा एक चाल ऐकवली. ती म्हणाली, "छान."

बाबा तिच्यासमोर खाली बसले. "छान म्हणणारे बाहेर पुष्कळ आहेत गं. तू मला चूक सांग. घरात एक तरी खरं माणूस हवं."

तिने विचार केला आणि म्हणाली, "मधे मला कंटाळा आला."

"कुठे?"

तिने बोट दाखवावं तसं ती जागा गुणगुणून दाखवली. बाबांनी ती ओळ दुसऱ्या दिवशी बदलली. त्या दिवसापासून तिचं नाव चाळणी.

पुढे त्याची एक पद्धतच झाली. तोंडावर चूक सांगितली की बाबा भांडत. ते त्यांनाही माहीत होतं. म्हणून ते चाल टेप करत आणि तिच्यानंतर फितीची थोडी जागा कोरी सोडत. चालीच्या शेवटी म्हणत, "झालं. चाळणी, आता बोल. मी बाहेर गॅलरीत आहे." चाल ऐकवून झाली की मला तिच्या हातात देऊन खरोखरच गॅलरीत जात आणि दार ओढून घेत. मग ती दोन बटणं दाबून त्या कोऱ्या जागेत चुका सांगायची. यंत्राशी भांडता येत नाही, असं बाबा म्हणत.

लहानपणी ती म्हणायची, "हे मागच्या गाण्यासारखंच आहे, फक्त हळू." वेण्या गेल्यावर म्हणायला लागली, "तिसऱ्या ओळीत श्वास घ्यायला जागा नाही, आत्या गुदमरेल." मोठी झाल्यावर, पुष्कळ वाचल्यावर म्हणायची, "शब्द दुःखी नाहीयेत बाबा, नुसते थकलेत. चालीने उगाच गळा काढलाय." बाबा ते एकटे ऐकत, आधी चिडत, मग हसत आणि म्हणत, "भोकं बारीक होत चाललीत चाळणीची."

आणखी एक गोष्ट मला ठाऊक आहे. चुका सांगून ती निघाली, की जिना उतरताना तीच चाल गुणगुणायची. नेहमी. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू यायची. बाबा गॅलरीत, दुसऱ्या बाजूला. त्यांना ते कधी ऐकू गेलं नाही. मला ऐकू आलं, पण तेव्हा माझी बटणं वर होती. बटण दाबलेलं नसलं तरी मला ऐकू येतंच, मित्रांनो. राहत नाही, इतकंच.

कॅसेटविषयी एक शेवटची माहिती. तिच्या पाठीवर, कडेला, प्लास्टिकचे दोन इवलेसे दात असतात. ते मोडले की माझं लाल बटण खाली जातच नाही. मग त्या कॅसेटवरचं काही पुसलं जाऊ शकत नाही. चाळणी बोलली, चाल पक्की झाली, की बाबा पेन्सिलीच्या टोकाने ते दात मोडत आणि कॅसेट कपाटात ठेवत. ती बोलायच्या आधी ते मोडून चालत नसे. मग ती बोलली कशात असती?

माझं कौतुक असं फारसं कोणी केलं नाही. एकदा वर्तमानपत्राचा छायाचित्रकार आला होता. "तो डबा जरा बाजूला ठेवता का?" म्हणाला. बाबा म्हणाले, "मग मीही बाजूला बसतो, तुम्ही भिंतीचा काढा." छापून आलेल्या फोटोत माझा पट्टा तेवढा दिसत होता.

पुढे माझ्यासारखी यंत्रं मागे पडली. नाटकमंडळी बंद झाली. माझ्या आतला रबरी पट्टा सैल पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, याचे भाग आता मिळत नाहीत. बाळगता कशाला?" बाबांनी औषधाच्या पुडीचं रबर काढून मला बसवलं. तेव्हापासून मी जरा हळू फिरतो. "बरोबर आहे," बाबा म्हणाले, "दोघांच्या वयाला शोभेल असं." आत्याने त्यांना फोन भेट दिला. म्हणाली, "दादा, यात किती सोपं आहे बघ." बाबा म्हणाले, "छे गं. तो आधी विचारतो, जतन करू का? तेवढ्यात चाल गेलेली असते."

*

तर त्या चादरींच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा केस कापायला गेले. जाताना त्यांनी मला सोबत घेतलं नाही. चौकातलं तर दुकान.

मी टेबलावर होतो. आई आत होती. नळ चालू होता. मग बेल वाजली, नेहमीसारखी एकदा नाही, दाबून धरलेली. दारात न्हावी होता, दुकानातला पांढरा कोट अंगात तसाच. त्याच्या हातात बाबांचा चष्मा होता.

"काकू," तो म्हणाला, "चष्मा."

आई म्हणाली, "विसरले का? या, बसा ना. ते कुठायत?"

न्हावी उंबऱ्यातच उभा राहिला. मग एकदम बोलत सुटला. "मी म्हटलं, मान जरा वर करा काका. नेहमी करतात. चादरीखाली त्यांची बोटं चालली होती, ताल धरल्यासारखी. मग थांबली. मला वाटलं, गाणं संपलं. मी मागून म्हटलं, काका, मान. पुन्हा म्हटलं. डॉक्टर शेजारीच आहेत, धावत आले हो ते. लगेच आले."

"म्हणजे?" आई म्हणाली.

नळ चालूच होता.

"म्हणजे काय?" आईने पुन्हा विचारलं, अगदी साध्या आवाजात, जसं एखाद्याला पत्ता विचारावा. न्हाव्याने चष्मा माझ्या शेजारी ठेवला. काचेवर कापलेल्या केसांचा एक बारीक तुकडा होता.

त्यानंतर त्या घरात पुष्कळ पावलं आली. पुष्कळ माणसं हळू बोलली. मुलगी आली. ती रडली नाही. तिने नळ बंद केला. कोणाला कळवायचं, कोण कुठून येणार, आईने काही खाल्लं का, सगळं ती बघत होती. लोक म्हणत, "खंबीर आहे हो." मी तिचा आवाज जन्मापासून ऐकलाय. तो खंबीर नव्हता. मुद्रितं तपासताना माणूस जसं प्रत्येक अक्षर सुटं सुटं वाचतं, तशी ती प्रत्येक शब्द सुटा बोलत होती. मधलं काही तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

मला कोणी हात लावला नाही. माझ्यावर कोणीतरी एक नॅपकीन टाकला.

*

लोकांची ये-जा ओसरल्यावर एका सकाळी आत्या आली. बाबांच्या बहुतेक चाली तीच गात आली होती. जुन्या मंडळींनी त्यांच्या आठवणीसाठी एक कार्यक्रम ठरवला होता, आणि शेवटी आत्या गाणार होती.

"जुनं काही गाणार नाही मी," आत्या म्हणाली. "आदल्या संध्याकाळी दादाचा फोन आला होता. नवी चाल झालीय म्हणाला. फार खूष होता. म्हटलं, मग ऐकव की फोनवर. तर म्हणतो कसा, 'अजून चाळणीतून निघाली नाही.' कुठाय ती?"

मुलगी म्हणाली, "टेपमध्येच असेल."

"म्हणजे तू ऐकली नाहीस?"

"परवा ऐकणार होते."

"कुठल्या परवा?"

आईने हातातला कप खाली ठेवला.

"आई, तू होतीस ना तेव्हा?"

"होते की. चादरींच्या घड्या करत होतो. पण मी चादर सांभाळत होते गं, ती जमिनीला लागत होती. ते रोजच काहीतरी गुणगुणायचे. रोजचं कोण कान देऊन ऐकतं?"

"लाव बाई," आत्या म्हणाली. "मला धीर नाही."

"आधी मी एकटी ऐकते, आत्या. तशी पद्धत आहे आमची."

तिने मला उचललं, बाबांच्या खोलीत आणलं आणि दार लावलं. माझ्यावरचा नॅपकीन काढला, त्याची घडी करून बाजूला ठेवली. कॅसेट उलटी फिरवून पहिल्यापासून आणली. मी तयार होतो. माझ्या पोटात ती चाल होती. जगात दुसरीकडे कुठेच नव्हती. आईच्या कानांत नव्हती, आत्याच्या नव्हती, कागदावर नव्हती. मी इतका आनंदात होतो, मित्रांनो! मला वाटलं, आता ती ऐकेल.

तिने डोळे मिटले. बाबांनी तसंच शिकवलं होतं, पहिलं ऐकणं डोळे मिटून. आणि तिची दोन बोटं खाली आली.

दोन्ही.

लाल आणि काळं.

मला ओरडता येत नाही. मला फक्त सांगितलेलं करता येतं. माझा लाल दिवा लागला, फीत सरकायला लागली, आणि त्या पहिल्या ओळीवर, त्या पूर्ण उघडलेल्या चादरीवर, मी तिचा श्वास टिपू लागलो. मी माझं काम चोख करत होतो. आयुष्यात कधी नव्हतं इतकं ते चोख काम मला नकोसं झालं. अडकावं, रबर तुटावं, बॅटऱ्या संपाव्यात, काहीही व्हावं. रबर तुटलं नाही. बॅटऱ्या बाबांनीच आठवड्यापूर्वी नव्या घातल्या होत्या.

ती वाट बघत होती. बाबा सुरुवातीला नेहमी थोडं कोरं सोडत. म्हणत, आवाजाला दारातून आत यायला वेळ द्यावा. तिला वाटलं, तेच असेल. खुर्ची हलकेच करकरली. बाहेर आत्या खोकली. खाली कोणीतरी स्कूटर सुरू केली. हे सगळं मी एकेक करून टिपत होतो आणि त्याखालून बाबा जात होते.

मग तिला शंका आली असावी. तिने डोळे उघडले. लाल दिवा दिसला.

तिने बटण बंद केलं. ओरडली नाही. स्वतःच्या दोन बोटांकडे बघत राहिली, जणू ती कोणी दुसऱ्याने तिच्या हाताला लावली होती. मग एका बोटाने, फक्त एका, दुसरा हात पाठीमागे धरून, तिने कॅसेट मागे नेली आणि काळं बटण दाबलं.

श्वास. खुर्ची. खोकला. स्कूटर. आणि एकदम, ओळीच्या मधूनच, बाबा.

निम्म्याहून जास्त चाल गेली होती. लांब ओळ नव्हती. तिच्या निम्मी होती तीही नव्हती. राहिल्या होत्या त्या शेवटच्या लहान लहान घड्या. फट्, आणि दोन पावलं. "अहो, जमिनीला टेकतेय ती. धुतलीय मी सकाळी." छातीशी धरण्याएवढी शेवटची ओळ. मग थोडं धापा टाकणं, हसणं, आणि बाबांचा आवाज:

"झालं. चाळणी, आता बोल. मी बाहेर गॅलरीत आहे."

पुढे कोरी फीत. नुसती सरसर. तिने घाईने बटण बंद केलं. मग उठून गॅलरीच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं.

*

तिने खोलीचं दार उघडलं तेव्हा आत्या आणि आई दोघी समोरच उभ्या होत्या.

"पुसलं गेलं," ती म्हणाली. "माझ्या हातून."

"काय पुसलं गेलं?" आत्या म्हणाली.

"चाल. सुरुवातीची सगळी. शेवटचं थोडं राहिलंय."

"पुसलं म्हणजे? अगं, पुसलं म्हणजे काय? पाटी आहे का ती?" आत्याचा आवाज चढला. "आम्ही कोणी हात लावला नाही की तुझ्याशिवाय कोणी ऐकू नये म्हणून! आणि तू... एवढी तू बारकाईची, कानामात्रा सोडत नाहीस. अशी कशी पुसलीस?"

मुलगी म्हणाली, "माहीत नाही."

"असं कसं माहीत नाही? बघू, काय राहिलंय ते तरी ऐकू दे." आत्या तरातरा आत आली, माझ्यासमोर वाकली आणि तिने हात पुढे केला.

मुलीने झडप घालून तिचं मनगट धरलं.

आत्याने खाली पाहिलं. तिची दोन बोटं माझ्या दोन बटणांवर टेकली होती. एक लालवर, एक काळ्यावर. दाबायचीच बाकी होती.

आत्याने हात हळूच मागे घेतला आणि पदराखाली झाकला. मग ती बाबांच्या खुर्चीत बसली.

"त्याने शिकवलं," ती म्हणाली. "त्यानेच शिकवलं गं आपल्याला. धरा, पळतेय. आणि पळाली बघ."

तेव्हा मुलीला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आईने तिचं डोकं पोटाशी धरलं आणि आत्याला म्हणाली, "मला लाव म्हटलं असतंस ना ते यंत्र, तरी हेच झालं असतं. रागावू नकोस तिला."

थोड्या वेळाने मुलीने तिघींसाठी उरलेली चाल लावली. एका बोटाने. आत्याने ती दोनदा ऐकली, मग पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी ती बरोबर गुणगुणत होती.

"मी एवढीच गाईन," ती म्हणाली.

"सुरुवात नाही त्याला, आत्या."

"नसू दे. मधूनच उठून गेला तो. आपण मधूनच सुरू करू." मग नाक पुसून म्हणाली, "आणि खबरदार कोणी सुरुवात रचायला बसलात तर. ती त्याची होती."

आईने बाबांच्या टेबलावरची पेन्सिल उचलली. "ते दात मोडून टाक आता. एवढं तरी राहील."

मित्रांनो, मला जर काही मागायची परवानगी असेल तर तेवढंच मागेन. तुमच्या घरात कोणाचा आवाज जपलेला असेल, फितीवर असो नाहीतर फोनमध्ये, तर त्याला आधी सुरक्षित करा. तो परवा नव्हे, आज ऐका. आणि घरात कोणी रोज काही गुणगुणत असेल, तर एखाद्या दिवशी हातातलं काम थांबवून त्याच्याकडे कान द्या. आमच्यासारखी यंत्रं फार प्रामाणिक असतात, पण समजूतदार नसतात. सांगाल ते करतो. नको असलेलंही करतो.

मुलीने पेन्सिल घेतली, पण दात मोडले नाहीत.

"थांब, आई. माझं बोलायचं राहिलंय."

आईला कळलं. तिने आत्याला खुणेने उठवलं. पद्धत त्यांनाही ठाऊक होती. दोघी बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. मुलगी उठली, गॅलरीचं दार उघडलं, बाहेरचं ऊन आत येऊ दिलं आणि दार जरासं किलकिलं ठेवून परत आली. मग कॅसेट फिरवत फिरवत तिने ती जागा गाठली, बाबांच्या शेवटच्या शब्दानंतरची, कोरी, तिच्यासाठी ठेवलेली.

या वेळी डोळे उघडे होते. तिने दोन बोटं ठेवली, लाल आणि काळं, आणि सावकाश दाबली. लाल दिवा लागला. मी ऐकू लागलो. फीत बराच वेळ नुसतीच सरकली.

मग ती गॅलरीच्या दाराकडे तोंड करून, बाहेर नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"बाबा, छान आहे. प्रत्येक वेळी छानच होती."